एडवर्ड व्हिंपर आणि त्याचा तंबू

गेल्या हिवाळ्यात आपल्या शाळेच्या मैदानावर एके दुपारी एक छोटासा तंबू उभा राहिला होता, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. नववीतील दोघा मुलांनी नाताळच्या सुट्टीत वडिलांसमवेत पचमढीला जाण्याचा बेत केला होता. हबीबगंजहून पिपरिया आणि तेथून घाट चढून पचमढी, हा मार्ग आपल्या परिचयाचाच आहे. परंतु या वेळी त्यांना विश्रामगृहात न उतरता तंबूत रात्र काढावयाची होती. दोघांपुरता तंबू कोणता घ्यावा, हा प्रश्न घेऊन ती मुले माझ्याकडे आली, तेव्हा मला प्रथम हसू आले. मी समुद्रकाठी वाढलेली, घरी कोंकणी बोलणारी. अंगावर दुसरे पांघरूण घ्यावे लागते अशी थंडी मी भोपाळला आल्यावरच प्रथम अनुभवली. तंबूची पारख मला कोठून असणार? मैदानावर मात्र तो तंबू मोठ्या डौलाने उभा होता. त्या दुपारी हबीबगंजमध्ये झाडाचे पानदेखील हलत नव्हते. त्याच्याकडे पाहता पाहता मला एका इंग्रज तरुणाची आठवण झाली. लंडनमध्ये असाच डौलाने उभा राहिलेला तंबू घेऊन तो आल्प्स पर्वतात गेला होता. त्याचे नाव एडवर्ड व्हिंपर. त्याचेच चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

तत्पूर्वी दोन शब्द तंबूविषयी. आपल्या या प्रांतात तंबू म्हटला की पूर्वी शिकार आठवे. संस्थानिक व साहेबलोक हिवाळ्यात सातपुड्याच्या रानात शिकारीस निघत, तेव्हा डेरे, राहुट्या, कनाती, मेखा व तणावे असा सारा सरंजाम बैलगाड्यांवर व उंटांवर लादलेला असे. मोगल बादशहांच्या स्वारीत तर तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहाचा मुक्काम असतानाच दुसरा पुढच्या मुक्कामी उभारला जाई आणि त्याला पेशखाना म्हणत. अशा तंबूचे वजन किती, हे विचारण्याचे कोणाला कारणच नव्हते, कारण ते वाहणारी पाठ बैलाची असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या शिकारी संपल्या आणि तो सरंजामही गेला. परंतु जेथे बैलगाडी पोहोचत नाही, मेख ठोकावयास माती नाही आणि वारा दोरखंडासुद्धा तंबू उडवून नेऊ पाहतो, अशा उंच थंड डोंगरावर दोघा-चौघांनी निवारा न्यावयाचा झाला तर काय करावे? या प्रश्नाचा व्हिंपरइतका विचार त्याच्यापूर्वी क्वचितच कोणी केला असेल.

एडवर्डचा जन्म २७ एप्रिल १८४० रोजी लंडन येथे झाला. अकरा भावंडांत तो दुसरा. वडील लाकडावर चित्रे कोरण्याचा व्यवसाय करीत. छायाचित्रे पुस्तकांत छापण्याची सोय नसलेल्या त्या काळात प्रत्येक चित्र लाकडी ठोकळ्यावर उलटे कोरून मग छापावे लागे. चौदाव्या वर्षी एडवर्ड शाळा सोडून वडिलांच्या हाताखाली बसला. या कामात रेषा केसभर ढळली तरी सारा ठोकळा वाया जातो. हाताची ती शिस्त त्याच्या अंगी पुढे जन्मभर राहिली. तंबूची मापे तो इंचाच्या आठव्या भागापर्यंत लिहून ठेवी, ती बहुधा त्याच सवयीने.

१८६० मध्ये लाँगमन या प्रकाशकाने वीस वर्षांच्या या कारागिराला आल्प्सची चित्रे काढण्यासाठी पाठविले. त्याने तोवर खरा पर्वत पाहिलाच नव्हता. चित्रे काढता काढता पर्वतांनीच त्याच्या मनाचा ताबा घेतला. पुढच्याच वर्षी पेल्व्हू नावाचे शिखर चढून त्याने आपली दृष्टी मॅटरहॉर्नकडे वळविली. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर पिरॅमिडसारखा उभा असलेला हा ४,४७८ मीटर उंचीचा सुळका तोवर अजिंक्य होता. त्याच्या पायथ्याशी इटलीच्या बाजूस ब्रॉय नावाची वस्ती होती. तेथील मेंढपाळ व शिकारी त्या कड्यांवर शामॉय, म्हणजे शेळी व हरिण यांच्या मधला वाटावा असा एक चपळ डोंगरी प्राणी, त्याच्या मागावर हिंडत. परंतु रात्र पडण्यापूर्वी ते खाली उतरत, किंवा एखाद्या कपारीत अंग चोरून पडत. तंबू घेऊन जाण्याची कल्पना त्यांच्या रीतीत नव्हती.

ऑगस्ट १८६१ मध्ये व्हिंपर मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा गेला तो एक तंबू घेऊनच. आफ्रिकेचे प्रवासी फ्रान्सिस गॉल्टन हे त्या काळी प्रवासविद्येतील मोठे अधिकारी पुरुष मानले जात. प्रवासात काय न्यावे, कसे राहावे याविषयीचे त्यांचे पुस्तक १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यांच्याच मार्गदर्शनानुसार हा तंबू शिवलेला होता. पातळ कापडाचा, पुस्तकासारखा उघडणारा, दोन लांब काठ्यांवर तोललेला आणि कडांना पुष्कळ दोऱ्या लावलेला असा तो होता. लंडनमध्ये तो फार सुरेख दिसला होता. मॅटरहॉर्नच्या कुशीतील लियों नावाच्या अरुंद खिंडीत मात्र सायंकाळी वारा सुटला आणि तंबूचे सारे दोष एकदम उघडे पडले. खडकात व बर्फात मेखा टिकेनात. झडपा खाली राहीनात. काठ्यांना उभे ठेवणारा ताण त्या मेखांवरच अवलंबून असल्यामुळे एक मेख निघाली की सारा तंबू डगमगे. अखेर तो खाली पाडून त्यावर बसून राहणेच शहाणपणाचे ठरले, आणि रात्री व्हिंपर व त्याचा वाटाड्या या दोघांनी तो चादरीसारखा अंगाभोवती गुंडाळून घेतला. दोघांचा तंबू त्या रात्री दोघांचे पांघरूण झाला.

दुसरा एखादा असता तर त्याने तंबूचा नाद सोडून दिला असता किंवा गॉल्टनसाहेबांना दोष दिला असता. व्हिंपर हिवाळ्यात लंडनला परतला आणि त्याने स्वतः नवा तंबू योजला. त्याची रचना मी थोडी विस्ताराने सांगते, कारण आजही दुकानात तंबू पाहताना ती उपयोगी पडते.

या तंबूला चार काठ्या होत्या. अॅश नावाच्या चिवट लाकडाच्या, साडेसहा फूट लांब व सव्वा इंच जाड, वर किंचित निमुळत्या होत गेलेल्या, आणि टोकांना लोखंडी अणी बसविलेल्या. पुढे दोन व मागे दोन काठ्या वरच्या टोकाशी लोखंडी खिळ्याने जोडलेल्या असत, म्हणजे कैचीसारख्या उघडून त्या जमिनीवर आपोआप उभ्या राहत. त्रिकोणाची आकृती दाबली तरी मोडत नाही, हे तुम्ही भूमितीत शिकता. व्हिंपरने तेच कापडाला लावले. परिणामी तंबू उभा राहण्यासाठी मेखांचा मिंधा राहिला नाही, आणि दारात मधोमध येणारा खांबही नाहीसा झाला. कापड मजबूत व न धुतलेले, बाजूंनी जमिनीवर दोन फूट आत वळविलेले. त्यावर जलाभेद्य रबरी कापडाची जमीन. ती सहा फूट चौरस जागेपेक्षा मोठी ठेवून तिच्या कडा भिंतींना धरून वर नेलेल्या. थंडी वरून येते त्याहून अधिक ती जमिनीतून आणि फटींतून येते, हे त्याला खिंडीतील एका रात्रीने शिकविले होते. शेवटी चढाईचाच दोरखंड आढ्यावरून घेऊन त्याची दोन टोके मोठ्या दगडांना बांधावयाची, की वाऱ्याची सोय झाली. निराळे तणावे वाहून न्यावयास नकोत. तंबू उलगडून उभा करण्यास तीन मिनिटे लागत. वजन सुमारे २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलो, आणि निजावयास जागा चौघांना.

साडेदहा किलो हे वजन कोणाच्या पाठीवर? येथे मला ल्यूक मेने याच्याविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. मेने हा ब्रॉय येथील एक गरीब कुबडा मनुष्य होता. पाठीला पोक असलेल्या माणसाला ओझे वाहण्यासाठी कोण घेणार? व्हिंपरने १८६२ मध्ये त्याला घेतले, आणि तंबू वाहणारा म्हणून त्याचे नाव पर्वतारोहणाच्या इतिहासात कायम झाले. तो ज्या आनंदाने चढे त्याचे व्हिंपरला नवल वाटे. व्हिंपर हा तसा फटकळ आणि माणसांवर चटकन विश्वास न टाकणारा. वाटाड्यांविषयी त्याने पुष्कळ कठोर लिहिले आहे. मेनेविषयी मात्र त्याच्या लेखणीतून नेहमी जिव्हाळाच उतरला. तंबूचे श्रेय सारे व्हिंपरला मिळाले, हे खरे. मला मात्र त्या तंबूचे चित्र पाहताना त्याच्याखाली वाकलेली ती पाठ आधी दिसते.

त्या एका उन्हाळ्यात व्हिंपरने मॅटरहॉर्नवर पाच वेळा चढाई केली. त्यांतील दोन प्रसंग तंबूशी निगडित आहेत. एकदा वरच्या कड्यावर ठेवलेला तंबू वादळाने उडाला तर नाही ना, हे पाहण्यासाठी तो एकटाच निघाला. तंबू बर्फाने झाकलेला होता, पण शाबूत होता. संध्याकाळची शोभा पाहून त्याला खाली जावेसे वाटेना. तो तेथेच एकटा राहिला आणि दुसऱ्या दिवशी कोणीही गेले नव्हते अशा उंचीपर्यंत एकटाच चढून आला. परतताना बर्फ फोडण्याची कुऱ्हाड त्याने तंबूतच ठेवली. खालच्या एका वळणावर बर्फात पूर्वी खोदलेल्या पायऱ्या विरघळून गेल्या होत्या, आणि नव्या खोदावयास हातात कुऱ्हाड नव्हती. त्याचा पाय निसटला. सुमारे २०० फूट तो खडकांवर आपटत, उसळत खाली गेला, आणि खोल दरीच्या कडेवर अगदी थोडक्यात थांबला. डोक्यातून रक्ताच्या धारा लागल्या होत्या. बर्फाचा गोळा जखमेवर दाबून धरून तो कसाबसा सावरला आणि अंधारात ब्रॉयला पोहोचला. इतका काळजीपूर्वक बनविलेला निवारा आणि इतका निष्काळजी परतीचा प्रवास, हे दोन्ही एकाच माणसाचे होते. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रसंग मला अधिक आवडतो. जखमा सुकण्यापूर्वीच तो पुन्हा निघाला. ज्याँ-आंत्वान कारेल हा ब्रॉयच्या खोऱ्यातील सर्वोत्तम चढाईबहाद्दर. पूर्वी सैनिक होता, आणि मॅटरहॉर्न आपल्याच लोकांनी जिंकावा अशी त्याची आकांक्षा होती. नेमक्या त्या सकाळी हवा चांगली पाहून कारेल मंडळी मार्मोटच्या, म्हणजे डोंगरात बिळे करून राहणाऱ्या एका जाड्या प्राण्याच्या, शिकारीला निघून गेली! व्हिंपर थांबला नाही. तो आणि मेने, असे दोघेच त्या तंबूकडे निघाले. ज्याला कोणी मोजत नव्हते अशा त्या कुबड्या सोबत्याबरोबर तो पूर्वीपेक्षाही वर जाऊन पोहोचला. पुढचा कडा शिडीवाचून चढणे अशक्य झाले, तेव्हा दोघे परतले. खाली येऊन पाहतात तो प्रोफेसर टिंडल यांची तुकडी निघण्याच्या तयारीत होती आणि शिकारीहून परतलेला कारेल तिच्यात सामील झाला होता. टिंडल यांनाही त्या वेळी शिखर मिळाले नाही.

पुढील दोन वर्षे मी थोडक्यात सांगते. १८६३ मध्ये मॅटरहॉर्नवर विजा, गारा व हिमवर्षाव यांच्या तडाख्यात सापडूनही त्याचा तंबू टिकला. १८६४ मध्ये त्याने इतर सोबत्यांसह बार दे झेक्रँ हे फ्रान्समधील दुर्गम शिखर प्रथम सर केले.

१८६५ उजाडले. जुलैमध्ये कारेल एका इटालियन तुकडीबरोबर गुपचूप निघाल्याचे व्हिंपरला कळले, आणि तो तातडीने डोंगराच्या दुसऱ्या बाजूस, झरमॅटला गेला. तेथे लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, पाद्री चार्ल्स हडसन, हडसनचा अननुभवी तरुण मित्र हॅडो, फ्रान्सचा नामांकित वाटाड्या मिशेल क्रो आणि टाउगवाल्डर पितापुत्र अशी सात जणांची तुकडी घाईघाईने जमली. १३ जुलैच्या दुपारी त्यांनी सुमारे ११,००० फुटांवर तंबू ठोकला. तंबू चौघांचा आणि माणसे सात; व्हिंपर, डग्लस व टाउगवाल्डर पितापुत्र आत झोपले, आणि बाकीच्यांनी आपखुशीने बाहेर उघड्यावर निजणे पसंत केले.

१४ जुलै रोजी दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी ते शिखरावर पोहोचले. कारेलची तुकडी अजून खूप खाली होती. क्रोने बरोबर आणलेली तंबूची एक काठी शिखरावरील बर्फात रोवली. निशाण नव्हते, म्हणून त्याने अंगातील सदरा काढून तिला बांधला. वारा नसल्यामुळे तो फडकला नाही, तरी तो चोहोकडून दिसला. खाली ब्रॉयच्या लोकांनी तो आपल्याच माणसांचा विजय समजून जल्लोष केला.

उतरताना हॅडोचा पाय घसरला. तो क्रोवर आदळला, त्या हिसक्याने हडसन व डग्लस ओढले गेले, आणि वर थोरल्या टाउगवाल्डरने व व्हिंपरने खडकाला मिठी मारून दोर ताणून धरला. दोर तुटला. चौघेही सुमारे ४,००० फूट खालच्या हिमनदीवर कोसळले. डग्लसचा देह पुढे कधीही सापडला नाही. व्हिंपरजवळ तीन प्रकारचे दोर होते, आणि त्या दुव्यात वापरला गेलेला दोर त्यांतला सर्वांत जुना व कमजोर होता. माणसे बांधण्यासाठी तो आणलेलाच नव्हता. ज्याने तंबूचा प्रत्येक खिळा मोजला, त्याने त्या क्षणी कोणता दोर कोणाला बांधला गेला हे पाहिले नाही. या गोष्टीची चौकशी झाली, वर्तमानपत्रांत वादंग माजले, आणि व्हिंपर पंचविसाव्या वर्षीच प्रौढ झाला. आल्प्समधील मोठ्या चढाया त्याने त्यानंतर जवळजवळ सोडून दिल्या. आपल्या चढायांचा वृत्तांत त्याने १८७१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातील चित्रे स्वतः कोरून.

तंबूने मात्र त्याची साथ सोडली नाही. १८७९-८० मध्ये तो दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरला गेला आणि सोबतीला कोणाला न्यावे, तर त्याच ज्याँ-आंत्वान कारेलला व त्याच्या नात्यातील लुई कारेलला! जुने प्रतिस्पर्धी एका तंबूत निजू लागले. चिंबोराझो पर्वतावर सुमारे १६,६०० फुटांवरच्या तळावर तिघेही विरळ हवेमुळे डोकेदुखीने व धापेने पडून राहिले, आणि बरे होऊन ४ जानेवारी १८८० रोजी त्यांनी ते शिखर प्रथमच सर केले. पुढे फेब्रुवारीत कोटोपाक्सी या धुमसत्या ज्वालामुखीच्या माथ्यावर, विवराच्या काठाजवळ, त्यांनी तंबू ठोकून सव्वीस तास काढले. बाहेर रात्री पारा गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली गेला होता, आणि आत रबर जळल्यासारखा वास येऊ लागला. पाहतात तो तंबूची जमीनच एका बाजूस वितळू पाहत होती. त्या कोपऱ्यात तापमापकाने सुमारे ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअस दाखविले. त्या रात्री व्हिंपर रांगत विवराच्या कडेपर्यंत गेला आणि त्याने खोल तळाशी लालबुंद रस पाहिला. थंडीसाठी बनविलेल्या तंबूची अशीही परीक्षा झाली.

व्हिंपरचा तंबू पुढे १९२२ व १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांपर्यंत पोहोचला. परंतु तो चौघांचा, आणि वाहण्यास निराळा माणूस हवा. दोघांनीच जावयाचे झाले तर काय, याचे उत्तर त्याच्यानंतर आल्बर्ट ममरी याने दिले: रेशमी कापडाचा, अवघ्या काही पौंडांचा तंबू, आणि खांबांच्या जागी गिर्यारोहकांच्या हातातील बर्फाच्या कुऱ्हाडी. त्यात नीट बसताही येत नसे, पण तो स्वतःच्या पाठीवर नेता येई. हा ममरी १८९५ मध्ये आपल्याकडे नंगा पर्वतावर रघुवीर थापा व गोमन सिंग या दोन गुरखा सोबत्यांसह नाहीसा झाला. व्हिंपर आणि ममरी यांच्यात कोणाचा तंबू चांगला, असे मला त्या दोघा मुलांनी विचारले. मी त्यांना विचारले, तुमचा तंबू वाहणार कोण? दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग मी त्यांना मैदानावरील तो तंबू उतरवून शाळेच्या गच्चीवर, जेथे मेखा ठोकता येत नाहीत आणि पहाटे वारा लागतो तेथे, एक रात्र वडिलांच्या देखरेखीखाली उभा करावयास सांगितले. सकाळी त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. तो तंबू त्यांनी बदलून घेतला.

१८९० मध्ये कारेल मॅटरहॉर्नवरील भयंकर वादळातून आपल्या माणसांना सुखरूप खाली आणून पायथ्याशी येताच कोसळून मरण पावला. व्हिंपर त्यानंतर एकवीस वर्षे जगला. कॅनडाच्या पर्वतांतही जाऊन आला, उशिरा विवाह केला, पण तो फार काळ टिकला नाही. आल्प्सची ओढ मात्र सुटली नाही. सप्टेंबर १९११ मध्ये तो फ्रान्समधील शामोनी या गावी आला, आजारी वाटू लागले तसा हॉटेलातील आपल्या खोलीत गेला, आणि १६ सप्टेंबर रोजी तेथेच एकटा मरण पावला. शामोनीच्या दफनभूमीतच त्याला पुरण्यात आले.